घरांतील बंदूक आणि घरांतील मूल

आमच्या शहरांतील एखाद्या सराफाची पेढी रात्रीं बंद होतांना पाहावी. हिशेब मिळाला म्हणजे दागिन्यांचे डबे तिजोरींत जातात. तिजोरीला दोन किल्ल्या, त्यांतील एक मालकाच्या खिशांत व दुसरी मुनिमाजवळ. दारावर लोखंडी पट्टी, आणि पट्टीवर पुन्हां दोन कुलपें. एवढा बंदोबस्त पाहून त्या सराफास कोणी भित्रा म्हणत नाहीं. उलट माणूस मोठा व्यवहारी आहे असेंच चारचौघे म्हणतात. आतां त्याच गृहस्थाच्या घरीं जाऊं या. या दागिन्यांच्या व स्वतःच्या जिवाच्या रक्षणाकरितां सरकारदरबारीं खेटे घालून ज्याचा परवाना मिळविला, तें रिव्हॉल्वर कोठें आहे? उशीखालीं, किंवा कपड्यांच्या कपाटांत साड्यांच्या घडीखालीं, किंवा पलंगाजवळच्या खणांत, ज्याला कुलूप नाहीं, आणि असलें तर त्याची किल्ली त्यालाच लटकलेली. घर शेतकऱ्याचें असेल तर दुनळी बंदूक माजघरांत खुंटीवर. सर्वांच्याच घरीं असा प्रकार असतो असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या घरीं तो असेल, त्या घरीं सोन्याला दोन कुलपें आणि गोळीला एकहि नाहीं, अशी उलटी व्यवस्था चालली आहे. आणि त्या घरांत जर लहान मूल असेल, तर ती केवळ उलटी नाहीं, ती प्राणघातक आहे. बावन्न दरवाज्यांचें शहर म्हणून ज्या नगराची ख्याति, त्या छत्रपति संभाजीनगरच्या रहिवाशांस दाराचें व कुलपाचें महत्त्व आम्ही निराळें सांगावयास नको. तें कोठें लावावयाचें राहून गेलें आहे, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

कांहीं गोष्टी वाचकांच्या स्मरणांत ताज्या असतील. १ ऑक्टोबर २०२४ रोजीं पहाटे मुंबईंत जुहू येथें चित्रपटनट गोविंदा हे प्रवासास निघण्याच्या तयारींत असतां त्यांच्या परवान्याच्या रिव्हॉल्वरमधून गोळी सुटली व त्यांच्याच पायांत शिरली. ते बचावले ही आनंदाची गोष्ट होय. परंतु प्रौढ व जाणत्या माणसाच्या हातून जें घडूं शकतें, तें त्या जागीं एखादें सहा वर्षांचें मूल असतें तर किती सहज घडलें असतें, याचा विचार ज्याचा त्यानें करावा. त्याच वर्षीं ३१ जुलै रोजीं बिहारच्या सुपौल जिल्ह्यांतील एका शाळेंत पांच वर्षांच्या मुलानें घरून दप्तरांत पिस्तूल आणलें व दहा वर्षांच्या दुसऱ्या मुलावर झाडलें. गोळी हाताला लागली म्हणून त्याचा प्राण वांचला. ११ डिसेंबर २००७ रोजीं दिल्लीजवळील गुडगांव येथें आठवींतील एका विद्यार्थ्यास त्याच्याच वर्गांतील दोघांनीं शाळेंत गोळ्या घालून ठार केलें. शस्त्र त्यांतील एकाच्या बापाचें होतें. २० जानेवारी २०१८ रोजीं हरियाणांतील यमुनानगर येथें बारावींतील विद्यार्थ्यानें आपल्या मुख्याध्यापिकेचा जीव घेतला. तेंहि बापाचें परवान्याचें रिव्हॉल्वर. या मुलांना शस्त्र कोणा दरोडेखोरानें पुरविलें नव्हतें. तें घरांतून आलें. आणि तें आपल्या मुलाच्या हातीं पडावें अशी इच्छा त्यांपैकीं एकाहि बापाच्या मनांत असेल असें आम्हांस वाटत नाहीं. इच्छा नव्हती, पण अडथळाहि नव्हता. अनर्थ व्हावयास एवढें पुरें झालें.

येथें एक भेद आधींच स्पष्ट करून ठेवतों. जून २०१९ मध्यें आपल्या शेजारच्या शिर्डी क्षेत्रीं टिकटॉकची चित्रफीत काढतांना गावठी पिस्तुलांतून गोळी सुटून एक तरुण मृत्यु पावला. गावठी कट्टा बाळगणें हा मुळांतच गुन्हा आहे. त्याला कुलूप लावा असा उपदेश करण्यांत अर्थ नाहीं, तो पोलिसांच्या हवालीं झाला पाहिजे व बाळगणारा न्यायासनापुढें उभा राहिला पाहिजे. आजचा आमचा लेख त्या मंडळीकरितां नाहीं. तो कायदा पाळणाऱ्या, परवाना घेतलेल्या, कर भरणाऱ्या आणि लेंकुरवाळ्या गृहस्थाकरितां आहे. तो सज्जन आहे म्हणूनच त्याला दोन शब्द सांगण्यांत अर्थ आहे.

आतां या प्रश्नाकडे कायदा कोणत्या दृष्टीनें पाहतो तें पाहूं. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २० व्या कलमाप्रमाणें सात वर्षांखालील मुलाचें कोणतेंहि कृत्य गुन्हा होत नाहीं. २१ व्या कलमाप्रमाणें सात ते बारा वर्षांच्या मुलास आपल्या कृत्याचा परिणाम कळण्याइतकी समज आली नसेल, तर तेंहि निर्दोष ठरतें. १८६० च्या जुन्या दंडसंहितेंतहि हेंच तत्त्व होतें. दुसरीकडे १९५९ च्या शस्त्रकायद्याच्या ९ व्या कलमानें एकवीस वर्षांखालील व्यक्तीस बंदूक बाळगण्याची मनाई केली आहे. नेमबाजीच्या शिक्षणापुरता काय तो अपवाद. हीं कलमें शेजारीं शेजारीं ठेवून वाचलीं म्हणजे त्यांचा अर्थ उघड होतो. कायदा म्हणतो कीं मुलाला पुरती समज नसते, म्हणून शस्त्र त्याच्या हातीं जातां कामा नये. आणि अजाण मुलाच्या हातीं तें गेलेंच व अनर्थ झाला, तर दोष त्या मुलाचा नाहीं. मग दोष कोणाचा? दोष कांहीं हवेंत लोंबकळत राहत नाहीं. ज्यानें शस्त्र घरांत आणलें, ज्याच्या नांवाचा परवाना आहे, आणि ज्याच्या कनवटीला किल्ली असावयास हवी होती, त्याच्याच पदरीं तो पडतो. आमच्यांत अशा वेळीं नशिबाकडे बोट दाखविण्याची चाल आहे. दैवाला आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करणें फार सोईचें, कारण दैव उलटतपासणींत कधीं अडचण करीत नाहीं. परंतु ज्या संकटाचें निवारण एका कुलपानें होण्यासारखें होतें, त्या संकटास दैव म्हणणें हा दैवावर अन्याय व स्वतःची फसवणूक आहे.

पुष्कळ आईबाप यावर म्हणतात, "आमचा मुलगा समजूतदार आहे, बंदुकीला हात लावावयाचा नाहीं असें त्याला बजावून ठेवलें आहे." या भरंवशाची कोणीं परीक्षा घेतली आहे काय? घेतली आहे. अमेरिकेंतील अटलांटा शहरीं वैद्यांनीं आठ ते बारा वर्षांच्या ६४ मुलांना दोन-दोन, तीन-तीनच्या गटांनीं एका खोलींत खेळावयास सोडलें. खोलींतील एका खणांत निकामी केलेलें खरें पिस्तूल ठेवलेलें होतें. मुलांचें निरीक्षण आरशाआडून चाललें होतें. हा प्रयोग २००१ सालीं बालरोगशास्त्राच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. २९ गटांपैकीं २१ गटांना तें पिस्तूल सांपडलें; १६ गटांनीं तें हाताळलें; १० गटांत कोणी ना कोणी त्याचा चाप ओढला. आणि ज्यांनीं हात लावला वा चाप ओढला, त्यांपैकीं दहांत नवांहून अधिक मुलांना पूर्वीं बंदुकीच्या धोक्याविषयीं कांहीं ना कांहीं शिकविलेलें होतें! ज्यांना पिस्तूल सांपडलें त्यांपैकीं सुमारें निम्म्यांस तें खरें कीं खेळण्यांतलें हेंच ठरवितां आलें नाहीं. आमच्याकडे दिवाळींत टिकल्यांची बंदूक आपणच मुलाच्या हातीं देतों, तिचा चाप ओढला म्हणजे कौतुक करतों, आणि मग कपाटांतल्या बंदुकीचा निराळेपणा त्यानें आपसूक ओळखावा अशी अपेक्षा करतों. मुलाचा आज्ञाधारकपणा हें कुलूप नव्हे. ताकीद अवश्य द्यावी; पण ताकिदीच्या जोरावर कपाट उघडें ठेवूं नये.

"मुलांना ती कोठें ठेवली आहे हेंच ठाऊक नाहीं," असें म्हणणारांकरितां आणखी एक गोष्ट सांगतों. अमेरिकेच्या अलाबामा राज्यांत केलेल्या व २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, मुलांना बंदुकीची जागा माहीत नाहीं असें सांगणाऱ्या आईबापांच्या मुलांनाच निराळें बोलावून विचारलें. त्यांपैकीं शंभरांत ३९ मुलांना ती जागा बिनचूक माहीत होती. यांत नवल काय? दिवाळीचा लाडू, सुटे पैसे, आजोबांची चष्म्याची पेटी, घरांत लपविलेलें असें काय आहे कीं जें मुलांना ठाऊक नसतें? मुलें घर गुडघ्यांवर रांगून व खुर्च्यांवर चढून पाहतात. आपण तें फक्त उभ्यानें पाहतों.

तिसरें एक वाक्य सर्वांत घातक आहे: "ती रिकामीच आहे." काडतुसांचें पेटीवजा घर बाहेर काढलें तरी पिस्तुलाच्या नळींत एक गोळी राहूं शकते, हें बंदूक विकत घेणाऱ्या पुष्कळांस ठाऊक नसतें. शेतांतील ठासणीच्या बंदुकीचें तर विचारूंच नका. कन्नड, सोयगांव, सिल्लोडकडे रानडुकरें व रोही पिकांचा फडशा पाडतात हें आम्ही जाणतों. पीकरक्षणाकरितां ठासणीच्या बंदुकीचा परवाना कायद्यानेंच मान्य केला आहे. परंतु दारू व छर्रे एकदां ठासले म्हणजे ते काढणें कटकटीचें, म्हणून ती तशीच भरलेली घरीं आणून कोनाड्यांत उभी करण्याची खोड वाईट. टोपी काढली म्हणजे बंदूक निर्धोक झाली असें समजणें भ्रामक आहे. अशी बंदूक रानांतच, माणसांपासून दूर, सुरक्षित दिशेला रिकामी करून मग उंबऱ्याच्या आंत आणावी.

एक गोष्ट नाजूक आहे, पण तिचा उच्चार टाळणें हें कर्तव्यांत कसूर करणें होईल. अपघात हा लहान मुलांचा शत्रु. चौदा-पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांस निराळाच शत्रु गांठतो, आणि तो म्हणजे क्षणाचें नैराश्य. परीक्षेचा निकाल, बापाचा कठोर शब्द, सोबत्यांत झालेला अपमान, यांपैकीं एखाद्यानें तें कोवळें मन असें काळवंडतें कीं त्याला पुढचा दिवसच दिसेनासा होतो. हा अंधार पुष्कळदां घटकाभराचा असतो. कोणी जवळ बसलें, बोललें, कीं ओसरतो. त्या घटकेंत हाताशीं भरलेलें शस्त्र नसणें, यावर एका आयुष्याचा निकाल लागतो. कुलूप मुलाचें दुःख नाहींसें करीत नाहीं. तें फक्त वेळ मिळवून देतें, आणि त्या वेळांत आईबापांनीं, शिक्षकांनीं व वैद्यांनीं आपलें काम करावयाचें असतें. ज्या घरांत मूल उदास दिसूं लागलें असेल, त्या घरांतून बंदूक कांहीं काळ रीतसर ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून टाकावी हें सर्वांत उत्तम. त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं.

मग करावें काय? नियम चार आहेत आणि ते कोणासहि पाठ होण्यासारखे आहेत. बंदूक रिकामी असावी. ती कुलपांत असावी. काडतुसें निराळ्या जागीं निराळ्या कुलपांत असावींत. आणि दोन्ही किल्ल्या परवानाधारकाच्या अंगावर असाव्यात, देवघरांतल्या खिळ्यावर नव्हेत. बंदूक रिकामी ठेवणें, ती कुलूपबंद करणें, काडतुसें वेगळीं ठेवणें व तींहि कुलूपबंद करणें, यांतील प्रत्येक उपाय मुलांच्या अपघाती व आत्मघाती इजा कमी असण्याशीं निगडित आहे, असें २००५ सालीं अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत आढळलें आहे. कुलपाचे प्रकारहि फार नाहींत. एक चापाचें कुलूप. त्याचीं दोन पाखें चापाभोंवतालच्या कड्यावर दोहोंकडून बसतात व बोट आंत जाऊं देत नाहींत. हें भरलेल्या बंदुकीवर कधींहि चढवूं नये, कारण चढवितांनाच चाप दबण्याचें भय असतें. दुसरें तारेचें कुलूप. जाड पोलादी तार नळींतून अगर काडतूस भरण्याच्या जागेंतून ओंवून तिचीं टोकें कुलपांत अडकवितात, म्हणजे तार आहे तोंवर काडतूस आंत जाऊं शकत नाहीं. तिसरें, भिंतीला पक्कें केलेलें पोलादी कपाट. दुनळी बंदुकीच्या नळ्या दस्त्यापासून सुट्या करून दोन कपाटांत ठेवल्या तर आणखी चांगलें. सारा खर्च बंदुकीच्या किंमतीपुढें किरकोळ आहे.

यावर एक आक्षेप हटकून येतो, आणि तो अगदींच पोकळ नाहीं, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. "मध्यरात्रीं चोर आला तर कुलूप उघडीत बसावें काय? कुलूपबंद बंदूक आणि लांकडाची काठी यांत फरक काय राहिला?" आमचें उत्तर असें. हल्लीं बोटाच्या ठशानें किंवा आंकड्यांच्या खुणेनें कांहीं क्षणांत उघडणाऱ्या लहान पोलादी पेट्या मिळतात. ज्याला खरोखरच जिवाचें भय आहे त्यानें तसली पेटी पलंगाजवळ पक्की बसवावी. शस्त्र एकतर जाग्या मालकाच्या स्वतःच्या ताब्यांत असावें, नाहीं तर कुलपांत. उशीखालीं ठेवून झोंपलेल्या माणसाच्या ताब्यांत तें नसतेंच. आणि हिशेब करणाऱ्या व्यापाऱ्यानें हाहि हिशेब करावा: चोर आला तर तो वर्षांतील एखाद्या रात्रीं येईल, मूल मात्र त्या घरांत वर्षाचे ३६५ दिवस आहे, आणि आपण दुकानावर असतां दिवसभर तें त्या कपाटाजवळ एकटें आहे. शिवाय उघडी बंदूक चोराच्याहि हातीं आधीं लागूं शकते, हें विसरतां येत नाहीं.

आमचे कांहीं देशाभिमानी स्नेही निराळीच शंका काढतील. १८७८ चा शस्त्रकायदा लॉर्ड लिटनच्या अमदानींत झाला. युरोपियनांस सवलत आणि हिंदी मनुष्यास मज्जाव, असें त्याचें स्वरूप होतें. त्या अपमानाचें शल्य राष्ट्राच्या मनांत किती खोल होतें, याची साक्ष १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावांत आहे. नागरिकांच्या मूलभूत हक्कांत नियमांस अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क तेथें गणला होता. आमच्या मराठवाड्यांत तर १९४७-४८ सालीं रझाकारांच्या धामधुमींत घरांत बंदूक असणें वा नसणें म्हणजे काय, हें गांवोगांवच्या म्हाताऱ्यांनीं आपल्या नातवंडांना सांगितलेलें आहे. तेव्हां, बंदुकीवर नवे निर्बंध सुचविणें म्हणजे त्या जुन्या गुलामीकडे परत जाणें नव्हे काय, असा हा प्रश्न आहे. आम्ही म्हणतों, नव्हे. डिसेंबर १९४८ मध्यें घटनासमितींत हरि विष्णु कामत यांनीं शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेंत घालावा अशी सूचना आणली, डॉ. आंबेडकरांनीं ती स्वीकारली नाहीं, कारण असा सरसकट हक्क दिला तर समाजकंटकहि त्याच हक्कानें शस्त्र मागेल. स्वतंत्र राष्ट्रानें विचारपूर्वक ठरविलें कीं शस्त्र हा हक्क नसून विश्वासानें सोंपविलेली ठेव आहे. परक्या सरकारनें घातलेला निर्बंध ही बेडी होती. स्वतःच्या लेंकरासाठीं स्वतः लावलेलें कुलूप ही जबाबदारी आहे. आणि ज्यांना बंदुकीचा खरा अभिमान आहे ते तिच्या शिस्तीचाहि अभिमान बाळगतात. कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे यानें १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें नेमबाजीचें कांस्यपदक मिळविलें, तेव्हां साऱ्या महाराष्ट्राची छाती फुगली. त्या नेमबाजांच्या मैदानावर जाऊन पाहावें: नेम धरण्याची वेळ नसेल तेव्हां रायफल उघडी व रिकामी, नळींत ती रिकामी असल्याची रंगीत खूण, आणि तोंड कधींहि माणसाकडे नाहीं. जी शिस्त मैदानावर अनुभवी नेमबाजास पाळावी लागते, ती घरांत मुलांच्या मध्यें पाळावयास आपणांस कमीपणा कां वाटावा?

परदेशांत या बाबतींत काय झालें तेंहि पाहण्यासारखें आहे. अमेरिकेंत २०२० पासून एक ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींच्या मृत्यूचें पहिलें कारण बंदूक हें झालें आहे. मोटारीच्या अपघातांनाहि तिनें मागें टाकलें. त्याच देशांत फ्लोरिडा राज्यानें १९८९ सालीं मुलाच्या हातीं पडेल अशा रीतीनें भरलेली बंदूक ठेवणाऱ्या प्रौढास शिक्षा सांगणारा कायदा प्रथम केला, आणि मागाहून इतर अनेक राज्यांनीं तो मार्ग धरला. २००५ च्या मध्यवर्ती कायद्यानें परवानाधारक विक्रेत्यानें पिस्तुलाबरोबर कुलूप वा तत्सम साधन दिलेंच पाहिजे असें ठरविलें. नोव्हेंबर २०२१ मध्यें मिशिगनमध्यें एका पंधरा वर्षांच्या मुलानें शाळेंत चार विद्यार्थी मारले; २०२४ सालीं त्याच्या आई व बाप दोघांनाहि हयगयीच्या मनुष्यवधाबद्दल दहा ते पंधरा वर्षांची कैद झाली. जर्मनींत विनेंडेन येथें ११ मार्च २००९ रोजीं सतरा वर्षांच्या मुलानें पंधरा जणांचा बळी घेऊन स्वतःचा अंत केला. त्याच्या बापाजवळ बऱ्याच बंदुका होत्या व त्या तिजोरींत होत्या. शयनगृहांत बाहेर राहिलेलें होतें तें एकच पिस्तूल, आणि तेंच त्या मुलानें उचललें. बापास न्यायालयानें दोषी धरलें, आणि बंदुका कशा ठेवल्या आहेत हें संशयाचें कारण नसतांहि तपासण्याचा अधिकार तेथील सरकारनें त्याच वर्षीं अधिकाऱ्यांस दिला.

कोणी म्हणेल, अमेरिकेंत घरोघरीं बंदुका, आपल्याकडे मोजक्या. ती उदाहरणें आपणांस कशाला? मोजक्या आहेत हेंच तर आपलें भाग्य. येथील प्रत्येक परवानाधारकाचें नांव व पत्ता जिल्हाधिकाऱ्यांच्या किंवा पोलीस आयुक्तांच्या दप्तरीं लिहिलेला आहे. अमेरिकेंत जें काम डोंगराएवढें आहे, तें आपल्याकडे एका कारकुनाच्या नोंदवहींत मावतें. निवडणूक जाहीर झाली कीं छाननी करून हींच शस्त्रें ठाण्यांत जमा करविण्यांत येतात, आणि तें दर निवडणुकीस बिनबोभाट पार पडतें. मतपेटीच्या रक्षणाकरितां जी यंत्रणा एवढी तत्पर, तिनें पाळण्याच्या रक्षणाकरितां परवानाधारकाच्या घरीं पांच वर्षांतून एकदां डोकावूं नये काय?

आमच्या शस्त्रकायद्यांत मुळींच कांहीं नाहीं असें नव्हे. २०१६ च्या शस्त्रनियमांनीं अर्जदारास शस्त्र हाताळण्याचें शिक्षण व तें सुरक्षित ठेवण्याची हमी यांचा विचार केला आहे. अटी मोडणाऱ्यास ३० व्या कलमानें सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. १७ व्या कलमानें परवाना स्थगित वा रद्द होऊं शकतो. आणि हयगयीनें मृत्यु घडला तर न्याय संहितेच्या १०६ व्या कलमानें पांच वर्षांपर्यंत कैद आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें एका माणसाजवळ तीनऐवजीं दोनच बंदुका असाव्यात असें ठरलें व परवान्याची मुदत तीन वर्षांची पांच वर्षें झाली. आनंदाच्या भरांत हवेंत गोळ्या झाडून इतरांचा जीव धोक्यांत घालणें हा स्वतंत्र गुन्हा केला. वरातींतल्या गोळीसाठीं जर निराळें कलम होऊं शकतें, तर मुलाच्या हातीं पडेल अशी बंदूक ठेवण्यासाठीं तें कां होऊं नये? आज तसें स्वतंत्र कलम नाहीं, आणि हमीपत्र एकदां फायलींत गेलें कीं त्याची आठवण अनर्थ झाल्यावरच होते. वरातीमागून घोडें तें हेंच.

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली, परवाना देतांना व त्याचें नूतनीकरण करतांना पोलिसांनीं कुलूप व कपाट प्रत्यक्ष पाहून तशी नोंद अहवालांत करावी. दुसरी, विक्रेत्यानें कुलपाशिवाय एकहि बंदूक दुकानाबाहेर जाऊं देऊं नये. तिसरी, मुलाच्या हातीं शस्त्र पडूं देणाऱ्या प्रौढास, अनर्थ होण्याची वाट न पाहतां, जबाबदार धरणारें कलम संसदेनें करावें. पहिल्या मागणीस दिल्लीच्या तोंडाकडे पाहण्याचें कारण नाहीं. आमच्या जिल्हाधिकाऱ्यांनीं व पोलीस आयुक्तांनीं मनांत आणलें तर या शहरापासूनच आरंभ होईल.

परंतु सारा भार सरकारवर टाकणें आम्हांस मान्य नाहीं. सुधारणा कायद्याच्या पुस्तकांत उशीरा येते. ती आधीं घरांत व्हावी लागते. खंडेनवमीस शस्त्रपूजन करण्याची आपली जुनी चाल आहे. ती अवश्य चालवावी, पण बंदूक पाटावर ठेवण्यापूर्वीं उघडून रिकामी केलेली असावी, आणि पूजा झाली कीं ती फुलांसकट तेथेंच न राहतां कुलपांत जावी. वडील वारले, त्यांची बंदूक माळ्यावर पडून आहे, परवाना कोणाच्या नांवावर नाहीं, असा प्रकार असेल तर ती तशी ठेवणें हा गुन्हा आहे. कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणें ती विनाविलंब ठाण्यांत किंवा विक्रेत्याकडे जमा केली पाहिजे. छऱ्यांची हवेची बंदूक ठराविक मर्यादेखालीं असेल तर परवाना लागत नाहीं, म्हणून ती खेळणें ठरत नाहीं. डोळा जावयास एक छर्रा पुरे. मूल दुसऱ्याच्या घरीं खेळावयास जात असेल तर तेथें शस्त्र आहे काय व तें कसें ठेवतात, हें विचारण्यांत संकोच धरूं नये. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, या बाबतींत घरांतील गृहिणीचा शब्द शेवटचा मानावा. परवाना पुरुषाच्या नांवानें असला तरी दिवसभर मुलें तिच्या नजरेखालीं असतात. बंदूक कोठें आहे, भरलेली आहे कीं रिकामी, हें विचारण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे, आणि "तुला त्यांतलें काय कळतें" हें त्यावर उत्तर होऊं शकत नाहीं.

परवानाधारक वाचकांस आमची एवढीच विनंति आहे कीं हा अंक बाजूस ठेवण्यापूर्वीं त्यांनीं उठावें व आपली बंदूक जेथें आहे तेथें जाऊन पाहावें. ती भरलेली असेल तर रिकामी करावी; काडतुसें तिच्याजवळच असतील तर उचलून दुसरीकडे न्यावींत; कुलूप नसेल तर तें येईपर्यंत बंदूक तिजोरींत ठेवावी. आपल्या तिजोरींत तेवढी जागा खास असेल. एका दिवसापुरते दागिन्यांचे दोन डबे बाहेर राहिले तरी चालेल.